नांगर धरणारा मास्तर

(बी. ए. भाग 2)

महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला जे निवेदन दिले, त्यावर 19 ऑक्टोबर 1882 ही तारीख आहे. स्त्रीशूद्रांना शिक्षण मिळाले पाहिजे, सरकारने शेतकऱ्यांच्या पैशावर केवळ वरच्या वर्गाची कॉलेजे चालवू नयेत, हे त्यातले मुद्दे आपण भाषणांतून पुष्कळ वेळा ऐकलेले असतात. परंतु त्याच निवेदनात खेड्यातल्या शाळेत काय शिकवावे आणि कोणी शिकवावे, हेही जोतीरावांनी बारकाईने सांगितले आहे. आणि त्याकडे मात्र आपले लक्ष फारसे जात नाही. मोडी व बाळबोध लेखनवाचन, हिशेब, इतिहास-भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचे थोडे पाठ, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. शाळेला जोडून एक लहानसे नमुन्याचे शेत असावे, असे त्यांनी सुचवले. आणि मास्तर कसा हवा? तर शक्यतो शेतकरी वर्गातला; वेळ आली तर नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा.

जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीची ही अपेक्षा वाचली, की मला माझी शाळा डोळ्यांपुढे येते. उंब्रजच्या परिसरातल्या एका वाडीत मी चौथीपर्यंत शिकले. कृष्णा आणि तारळी यांच्या संगमाचा हा मुलूख; पाणी आहे म्हणून ऊस आहे, ऊस आहे म्हणून कारखाना आहे, आणि पुणे-बंगळूर महामार्ग उशाशी आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा भाग संपन्नच वाटेल. पण महामार्गापासून दोन मैल आत डोंगराच्या कडेला गेले, की दोन खोल्यांची शाळा, दोन शिक्षक आणि तीस-पस्तीस मुले हे चित्र सर्वत्र दिसते. अशा शाळेतून आलेली मुले आपल्या महाविद्यालयात थोडीथोडकी नाहीत. म्हणून त्या शाळेतली मूल्ये, तिथला अभ्यासक्रम आणि तिथून पुढे जायच्या वाटा यांचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

आपल्या कराड तालुक्याला ह्या बाबतीत एक मान आहे. रयत शिक्षण संस्थेचे बी ह्याच तालुक्यातल्या काले गावी रुजले. सत्यशोधक समाजाच्या तेथील परिषदेत बहुजनांच्या शिक्षणाचा विषय निघाला आणि 4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, भाऊराव पाटलांनी संस्था स्थापन केली. कर्मवीरांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कुंभोजचा. स्वतः त्यांचे शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते गावोगाव हिंडले. जोतीरावांना नांगर धरणारा मास्तर हवा होता; साताऱ्याला नांगर विकणारा शिक्षणमहर्षी मिळाला! हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या ओट्यावर बसावे लागते. त्याचा हिशेब त्याला का कळत नाही, सावकाराच्या कागदावर तो डोळे मिटून अंगठा का उठवतो, हे तिथे बसल्याशिवाय दिसत नाही.

1924 मध्ये संस्था साताऱ्यास आली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू लागली, एका पंगतीत जेवू लागली. 1927 मध्ये महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले. मुलांच्या पोटाची सोय करताना सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही विकले, ही गोष्ट आपण सर्व जाणतो. त्या 1930 मध्ये गेल्या. 1935 मध्ये ग्रामीण शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय, 1940 मध्ये साताऱ्याचे महाराजा सयाजीराव हायस्कूल, 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, 1954 मध्ये कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, अशी ती वाढ आहे. ह्याच वसतिगृहात वाढलेले पां. ग. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

परंतु सनावळी सांगणे हा माझा उद्देश नाही. मला विचारायचे आहे ते असे, की ‘कमवा आणि शिका’ ह्या तीन शब्दांचा तेव्हा नेमका अर्थ काय होता, आणि आज लहान गावातल्या शाळेत त्यातले काय उरले आहे?

माझ्या समजुतीप्रमाणे त्या वसतिगृहात श्रमाने तीन कामे केली. पहिले, त्याने ताटात भाकरी घातली. मुले भाजीपाला पिकवत, दगड-माती वाहत, स्वयंपाक करत. त्यामुळे बापाकडे फीचे पैसे नसले तरी पोरगा शिकू शकत होता. दुसरे, त्याने जात मोडली. एका चुलीवर भाकरी थापणे आणि एका विहिरीतून पाणी ओढणे हे पन्नास व्याख्यानांनी होणार नाही असे काम आहे. आणि तिसरे, त्या श्रमातून मुले काही शिकत होती: वाफा कसा आखायचा, धान्य किती दिवस पुरेल, बाजारात भाव काय. हा तिसरा अर्थ सर्वांत मोलाचा होता आणि तोच सर्वांत आधी हरवला, असे मला वाटते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे हा विचार सरकारी कागदांतही आला होता. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली गेली. हातउद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू व्हावा अशी गांधीजींची कल्पना होती. 1964 ते 1966 च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला. तो विषय आमच्या वेळापत्रकातही होता. प्रगतिपुस्तकावर त्याची श्रेणी असे. प्रत्यक्षात तासाला काय होई? राखीच्या सणाला राख्या, दिवाळीला आकाशकंदील, आणि बाकी वर्षभर पटांगण झाडणे. त्यातही मुलींनी झाडायचे आणि मुलांनी बाके उचलायची, ही वाटणी कोणी कागदावर लिहिलेली नव्हती. पण ती कधी चुकलीही नाही. श्रमप्रतिष्ठा हे मूल्य फळ्यावर सुविचार म्हणून रोज लिहिले जाते. झाडू मात्र कोणाच्या हातात आहे, ह्यावरून घरातली उतरंड शाळेत जशीच्या तशी आलेली दिसते.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती माझ्या घरातच आहे. माझी आई रोजगाराने भांगलणीला जाते. शाळेत परसबाग करायची म्हणून मी घरून खुरपे मागितले, तेव्हा ती म्हणाली होती, “खुरपंच धरायचं असंल तर माझ्या शेजारी ये की, दिवसाचा रोज तरी मिळंल. साळंत कशाला धाडलीया तुला?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शहरातल्या मुलाला श्रम म्हणजे नवी गोष्ट. आमच्या मुलांना त्यात नवे काय आहे? जी मुले सकाळी शेण काढून, वैरण आणून शाळेत येतात त्यांना श्रमाची प्रतिष्ठा शिकवणारे आपण कोण? त्यांच्या आईबापांना शाळेकडून हवे असते ते इंग्रजी, गणित आणि जमल्यास नोकरी. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले, त्याचे खेड्यात स्वागतच झाले. त्याआधी ते पाचवीपासून असे, आणि आमच्या मागच्या पिढीतले कितीतरी जण दहावीत इंग्रजीतच अडले. शेतमजुराच्या मुलीला शेती शिकवायची आणि डॉक्टरच्या मुलीला इंग्रजी, असा जर ‘जीवनाभिमुख शिक्षणा’चा अर्थ होणार असेल, तर आईचेच म्हणणे खरे आहे.

पण आईचा आक्षेप श्रमावर आहे, श्रमातल्या ज्ञानावर नाही. तिला हे ठाऊक आहे, की खताचे पोते किती आणि पाऊस पडून गेल्यावर किती दिवसांनी टाकायचे. पोत्यावर 10:26:26 असे आकडे छापलेले असतात, त्यांचा अर्थ मात्र तिला कोणी सांगितला नाही. शंभर किलो खतात नत्र दहा किलो, स्फुरद सव्वीस आणि पालाश सव्वीस, हे शेकडेवारीचे साधे गणित आहे. आम्ही सहावीत शेकडेवारी शिकलो ती दुकानदाराच्या नफ्यातोट्यावर. खताच्या पोत्यावर एकदाही शिकलो नाही. उसाचे वजन, वाहतूक, पहिली उचल, अंतिम भाव, सोसायटीची कपात हे सगळे असलेला कारखान्याचा कागद आमच्या परिसरातल्या बहुतेक घरांत येतो. त्याच्याइतका चांगला गणिताचा धडा कोणत्या पुस्तकात आहे? जोतीरावांनी ‘हिशेब’ आणि ‘शेतीचे ज्ञान’ हे दोन विषय एका दमात मागितले होते, ते मला वाटते ह्यासाठीच. मुलाने शेतकरीच राहावे म्हणून नव्हे, तर शेतकऱ्याला कोणी फसवू नये म्हणून.

आता लहान शाळेकडे वळू. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे दोन शिक्षक आणि चार किंवा पाच इयत्ता. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत बाकीच्या. एक गुरुजी केंद्रावरच्या बैठकीला गेले, की सगळी शाळा एका फळ्यावर. शहरातला माणूस हे ऐकून हळहळतो. मला मात्र ह्या व्यवस्थेबद्दल थोडे चांगलेही बोलायचे आहे. दुसरीत असताना चौथीची कविता कानावर पडून माझी पाठ झाली होती. चौथीतल्या मुलीने पहिलीतल्या मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यायचे, हे आमच्याकडे रोजचे होते. आणि शिकवताना स्वतःला जास्त कळते, ही गोष्ट मला बी.एड. न करताच समजली. मोठ्या शाळेत मूल मागच्या बाकावर हरवते. लहान शाळेत हरवायला मागचा बाकच नसतो.

अशा शाळा परवडत नाहीत, असे अधूनमधून सांगितले जाते. डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेवर शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत पाठवण्याचे राज्य सरकारने ठरवले होते. कायद्यात एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी असे आहे. पण नकाशावरचा किलोमीटर आणि ओढ्याला पाणी आल्यावरचा किलोमीटर ह्यांत फरक असतो, तो सहा वर्षांच्या मुलीच्या आईला विचारावा. ह्याच सातारा जिल्ह्यात, आजचा सांगलीचा मोठा भाग तेव्हा त्यात होता, 1938 नंतर भाऊराव अण्णांनी पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा उघडल्या. जिथे शाळा नाही अशी वाडी शोधायची आणि एक शिक्षक नेमायचा. शाळा देवळात भरे, नाहीतर चावडीत. पट किती, हा प्रश्न शाळा उघडल्यानंतरचा होता.

आमच्या भागात आणखी एक शाळा आहे, जिची इमारत नाही. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. रानात पालाच्या खोपी पडतात. त्यांच्यातली थोडी मुले जवळच्या शाळेत येऊन बसतात. बरीचशी येत नाहीत, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते किंवा वाढे गोळा करायचे असते. साखरशाळांचे प्रयोग झाले, गावी हंगामी वसतिगृहे निघाली, तरी ही गळती पुरती थांबलेली नाही. माझ्या वर्गात चौथीला अशी एक मुलगी चार महिने होती. पाढे ती माझ्यापेक्षा भरभर म्हणे. फेब्रुवारीत एके सकाळी ती आली नाही. ऊस संपला होता आणि टोळी पुढच्या गावाला गेली होती. हजेरीपटावर तिचे नाव तसेच राहिले. ‘रयत’ ह्या शब्दात ती मुलगी बसते की नाही, हा प्रश्न जयंतीच्या दिवशी आपण स्वतःला विचारावा असे मला फार वाटते.

राहता राहिल्या संधी. ह्या विषयावर मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मूल्ये आणि अभ्यासक्रम यांवर चर्चा तरी होते. संधी मात्र निमूटपणे निसटून जातात.

खेड्यातल्या मुलाला संधीच नाहीत, हे म्हणणे पूर्ण खरे नाही. साताऱ्याची सैनिक शाळा 1961 मध्ये सुरू झाली. देशातली ही पहिली सैनिक शाळा. तिथे सहावीला प्रवेश मिळतो. जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय खावली येथे आहे. तिथेही सहावीला प्रवेश, शिक्षण, राहणे, जेवण मोफत, आणि किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. शिवाय आठवीत एन.एम.एम.एस. ही परीक्षा आहे. सरकारी व अनुदानित शाळेतल्या, वार्षिक साडेतीन लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला एक हजार रुपये मिळतात. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार. आमच्यासारख्या घरात एवढ्या पैशांवर मुलीचे लग्न लांबते आणि शिक्षण चालू राहते.

पण ह्या सर्व दारांना एक गोष्ट सारखी आहे. ती एका ठराविक वयात, एका ठराविक इयत्तेत, काही आठवडेच उघडी असतात. पाचवीत नवोदयचा अर्ज राहिला तर सहावीत त्याच दारातून आत जाता येत नाही. आठवी संपली की एन.एम.एम.एस. संपली. ज्या घरात आधीचे कोणी शिकलेले नसते, तिथे हे दार उघडल्याचा आवाजच ऐकू येत नाही. माझ्या आठवीत उत्पन्नाचा दाखला हवा होता. वडील रोज बुडवून तीन वेळा एका कार्यालयात गेले. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा तलाठ्याचा कागद जुना ठरला, तिसऱ्यांदा दाखला मिळाला. तोवर अर्जाची तारीख होऊन चार दिवस झाले होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीला ती शिष्यवृत्ती मिळाली. ती हुशार होतीच. परंतु तिचे चुलते शिक्षक होते आणि दाखला जून महिन्यातच काढून ठेवायचा असतो, हे त्यांना माहीत होते. आमच्या दोघींत तेवढाच फरक होता असे मी म्हणत नाही. तो फरक होता, एवढे मात्र खरे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे खेड्यातल्या मुलींना एस.टी.चा पास मोफत मिळतो. ह्या पासामुळे किती मुली माध्यमिक शाळेपर्यंत आल्या ते आपल्या वर्गात मागे वळून पाहिले तरी कळेल. पण पास मोफत असला तरी गाडीची वेळ आपली नसते. शाळा पाचला सुटते आणि वाडीची गाडी सव्वापाचला निघते. त्यानंतर थेट रात्रीची. कबड्डीचा सराव, वक्तृत्वाची तयारी, विज्ञान प्रदर्शनाचे काम हे सारे पाच वाजल्यानंतर! तेव्हा वाड्यावस्त्यांवरच्या मुली ‘अभ्यासात बऱ्या, पण इतर गोष्टींत भाग घेत नाहीत’ असा शेरा जेव्हा प्रगतिपुस्तकावर येतो, तेव्हा तो मुलींवरचा शेरा नसून एस.टी.च्या वेळापत्रकावरचा असतो. हे लिहिताना मला राग येत नाही असे नाही.

ह्यावर उपाय सुचवायचा तर तो आपल्या आवाक्यातला असावा. अभ्यासक्रम बदलणे आपल्या हाती नाही आणि गाड्या वाढवणेही नाही. परंतु नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याला आता क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजकार्य यांसाठी श्रेयांक मिळतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर वर्षी होते. त्यात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो आणि ती झाडे पुढच्या वर्षी पुन्हा लावतो. त्याऐवजी भाग दोनच्या विद्यार्थ्यांनी दोघादोघांच्या जोडीने एकेक लहान शाळा वर्षभरासाठी घ्यावी, अशी माझी सूचना आहे. काम साधेच आहे. जून-जुलैत पाचवीच्या आणि आठवीच्या पालकांना भेटून परीक्षांच्या तारखा सांगायच्या. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार कार्ड, बँकेचे खाते ह्यांत काय कमी आहे ते पाहायचे. सेतू केंद्रात त्यांच्याबरोबर जायचे. पुढे आठवड्यातून दोन तास मुलांचा सराव घ्यायचा, आणि त्यातला एक तास खताच्या पोत्यावर नाहीतर कारखान्याच्या कागदावर घ्यायचा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे काम सर्वांत छान जमेल. ऊसतोडीच्या टोळ्या येतील तेव्हा खोपीवर जाऊन मुलांची नावे जवळच्या शाळेत घालायची, आणि टोळी हलताना त्यांच्या हाती शिक्षकांच्या सहीची चिठ्ठी द्यायची, म्हणजे पुढच्या गावच्या शाळेत त्यांना पुन्हा पहिलीपासून बसवले जाणार नाही.

हे विनामूल्यच करावे असेही मी म्हणत नाही. महाविद्यालयातली ‘कमवा आणि शिका’ योजना बागेत पाणी घालण्यापुरती आणि ग्रंथालयातली पुस्तके लावण्यापुरती न ठेवता, हे तासही तिच्यात धरावेत. आमच्यातल्या कित्येकांना त्या पैशांची गरज आहे. प्राथमिक शाळा शनिवारी सकाळची असते आणि साडेअकराच्या सुमारास सुटते. मुले जेवून बारापर्यंत परत येऊ शकतात. आपले शनिवारचे तासही तोवर आटोपतात. प्राचार्य व प्राध्यापकांनी मनावर घेतले तर येत्या जूनपासून उंब्रजच्या आसपासच्या दहा वाड्यांपासून सुरुवात करता येईल. त्यांतल्या एका वाडीचे नाव मी आताच माझ्या नावापुढे लिहून ठेवले आहे.